आधी जखम शोधा

मगदूम सर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते हे : "बाई, चप्पल काढा."

निपाणीच्या हायस्कुलात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. बेळगावहून रोज बसनं यायचं, स्टँडपासून शाळेपर्यंत चालायचं, म्हणून हौसेनं नवी चप्पल घेतली होती. त्या सकाळी शिक्षकखोलीत शिरताना पाय जरा फाकून पडत होता, एवढंच. आणि हा मनुष्य, ज्याचं नावही मला धड ठाऊक नव्हतं, हातात खडूचा डबा घेऊन सगळ्यांदेखत मला चप्पल काढायला सांगत होता. हेडमास्तरांना चहाचा ठसका लागला. मी आवाज चढवून म्हटलं, "का म्हणून?"

"अवधान आलंय तुम्हाला. चालण्यावरनं कळतंय. कुठं आलंय ते मी इचारत न्हाई, ते माझं काम न्हवं. पण जखम पायालाच असणार. काढा चप्पल."

पायाला जखम झाली की जांघेत आणि हाताला झाली की काखेत जी दुखरी गाठ येते, तिला आमच्याकडं अवधान म्हणतात. मला ते आलं होतं आणि रात्री अंगात कणकणही होती. दोन रात्री मी विटेचा तुकडा तापवून ती गाठ शेकत होते. हे या माणसाला कसं कळलं, या रागात मी चप्पल काढली. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा लागून कातडं सोललं होतं आणि आत चांगलं पिकलं होतं. मी तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"गाठ शेकत बसलासा व्हय?" सर वाकून बघत म्हणाले. "तिनं काय गुन्हा केलाय? ती बिचारी राखणीला बसलीया. आधी जखम शोधायची बाई, गाठीच्या मागं लागायचं न्हाई."

मिठाच्या कोमट पाण्यानं पाय धुवायचा, कोरडा ठेवायचा, जुनी चप्पल घालायची, असं सांगून ते तासाला निघून गेले. जखम सुकली तशी गाठ आपोआप उतरली. मी आभार मानायला गेले तर त्यांना प्रसंग आठवेना. रोज कुणाची ना कुणाची जखम शोधणाऱ्या माणसाला माझा अंगठा काय लक्षात राहणार?

मगदूम सर विज्ञान शिकवायचे. उंचीनं बेताचे, डोक्याला खोबरेल चोपडलेलं, पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक भिंग. बोटांना कायम साबणाचा वास. निरोप घेताना माणसं "येतो" म्हणतात, सर "हात धुवा" म्हणायचे. लग्नाच्या पंगतीतून उठतानाही यजमानाला "हात धुवा" म्हणाले होते, आणि तो बिचारा खरंच धुवायला गेला. मला वाटायचं, यांचं डॉक्टर व्हायचं राहून गेलं असणार. तसं एकदा विचारलंही. म्हणाले, "छ्या! डॉक्टरला रात्री उठिवत्यात. मला झोप लागती."

सकाळची प्रार्थना झाली की पोरं रांगेनं वर्गात जायची आणि सर दारात उभे असायचे. एखादं पोर मलूल दिसलं की त्याची हनुवटी वर करायची आणि जबड्याखाली, कानामागं दोन बोटं फिरवायची. मंडईत आंबा चाचपतात तसं, अगदी अलगद. कानामागं गाठ लागली तर केसांत उवांनी खाजवून झालेले फोड, जबड्याखाली लागली तर किडकी दाढ. बहुतेक वेळा असायचंच. मुलींना मात्र ते कधी हात लावत नसत. "ती बघा जरा," असं मला सांगायचे आणि तोंड फिरवून उभे राहायचे. गावात वाढलेला माणूस. बाईमाणसाचं अंग हा विषय आला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

त्यांचा गाठींचा तास शाळेत प्रसिद्ध होता. फळ्यावर ते एक माणूस काढायचे, भाकरीएवढ्या डोक्याचा. त्याच्या मानेत, काखेत, जांघेत चौकोन काढायचे. हे नाके. निपाणीच्या पोरांना नाका शिकवावा लागत नाही. हायवे गावाला लागून, सीमा जवळ, कोरोनात तर त्या नाक्यावर आपलेच पाहुणे अडकलेले सगळ्यांनी पाहिले होते.

"रक्ताच्या नळ्या हायत्या, तशा अंगात दुसऱ्या बारीक नळ्या हायत्या," सर सांगायचे. "त्यातनं पाण्यासारखा रस वाहतोय. जखमंतनं जंतू आत शिरला की त्योच रस्ता धरतोय. मग नाक्यावर गावतोय. तितं पांढऱ्या पेशी बसलेल्या. झटापट हुती, कुमक येती, गर्दी वाढती, नाका फुगतोय. त्येलाच तुमची आजी अवधान म्हणती. आता सांगा, नाक्यावर गर्दी झाली म्हणून नाका पाडायचा का चोर कुठनं आला ते बघायचं?"

"चोर बघायचा!" वर्ग ओरडायचा.

मग ते खडूनं रस्ते काढायचे. पायावरनं जांघेला. दातावरनं, घशावरनं, डोक्यावरनं मानेला. हातावरनं काखेला. काखेच्या नाक्याला एकच रस्ता असायचा, बोटापासून निघून दंडावरून वर जाणारा. मागच्या बाकावर बसून मी तो तास कितीदा ऐकला, पण चित्रात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. मी व्याकरण शिकवणारी, मला काय कळणार?

एका मुलीनं एकदा उभं राहून विचारलं होतं, "सर, जखम सापडलीच न्हाई तर?"

"मग दवाखाना. त्याच दिवशी," सर म्हणाले. "जखम नसताना गाठ, न दुखणारी गाठ, उतरायचं नाव घेत न्हाई अशी गाठ. ही घरात ठेवायची न्हाई."

हे ते नुसतं बोलत नव्हते. आठवीतल्या सागरच्या मानेवर एकाखाली एक गाठी आल्या होत्या. दुखत नव्हत्या, पण पोरगं वाळत चाललं होतं आणि संध्याकाळी अंग तापायचं. घरच्यांनी गळ्यात दोरा बांधला होता आणि आता आजोबा डाग देणार, असं कळलं. सर मोपेड काढून त्यांच्या मळ्यात गेले. तिथं विळा चुलीत तापत ठेवलेला. सरांनी आजोबांशी वाद घातला नाही. शर्टाची कॉलर मोकळी केली, मान पुढं केली आणि म्हणाले, "आप्पा, आधी मला द्या. मला सोसला तर त्येला द्या." म्हातारा शिव्या देत उठला, पण विळा चुलीतून काढून बाजूला टाकला. सागरला सरकारी दवाखान्यात नेलं, सुई घालून गाठीतलं तपासलं, तर टीबी निघाला. मग महिनोन् महिने गोळ्या. गाठी हळूहळू विरल्या. पोरगं शाळेच्या कबड्डीत खेळायला लागलं. आजोबा मात्र गावभर सांगत होते, दोऱ्यानंच गुण आला. मी चिडले, तर सर हसत म्हणाले, "असू द्या की बाई. दोरा गळ्यात, गोळ्या पोटात. दोघांचं भांडण कुठं हाय?"

हे मी मुद्दाम सांगते आहे. सरांना कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. त्यांना सगळं कळत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना मला आजही त्रास होतो.

सरांचं लग्न झालं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. गाव तिला आक्काच म्हणायचं. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली, आईबाप लवकर गेले, आणि धाकट्या भावाला तिनं बिड्या वळून शिकवलं. शिकून तो सर झाला तरी तिनं सूप सोडलं नाही. सोप्यात भिंतीला पाठ टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायची, चिमूट भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची, आणि या सगळ्यात तोंड अखंड चालू. "बाळू मास्तर झाला, पण पाय धुतल्याबिगर आत येऊ देत न्हाई मी त्येला," असं मला पहिल्याच भेटीत सांगून तिनं आमच्यातला परकेपणा संपवला.

बिडी वळणाऱ्या बाईचं डावं बोट कधी धड नसतं. कात्री लागते, पानाची कड लागते, दोरा कापतो आणि वर तंबाखू चरचरतो. शाळेतून आल्यावर सर आक्काचा हात मांडीवर घ्यायचे, भिंग लावून बोटं बघायचे, धुवायचे, हळद लावून चिंधी बांधायचे. आक्का कुरकुरायची, "झालं का रं? पानं वाळाय लागली." पण हात काढून घ्यायची नाही. दिवसातनं तेवढाच वेळ तिचे हात रिकामे असायचे.

एका गणपतीत आक्का म्हणाली, "बाळू, काखंत अवधान आलंय."

सरांनी काय केलं असेल ते कुणीही सांगेल. आधी बोट बघितलं. तर्जनीला कात्री लागलेली होतीच, चांगली चिघळलेली. सापडली जखम! त्यांनी धुतली, बांधली. "दुखतंय का?" असंही विचारलं.

"हात कवा दुखत न्हाई माझा?" आक्का म्हणाली.

जखम भरली. तोवर शेजारच्या बोटाला दुसरी झाली होती. ती भरेपर्यंत अंगठ्याला. गाठ आहे का विचारलं की आक्का "हाय की" म्हणायची, आणि बोट बघितलं की कारण समोर असायचंच. दुसऱ्या कुणाच्या काखेत तशी गाठ राहिली असती तर सरांनी त्याला दवाखान्यात ओढत नेलं असतं. पण त्यांचा नियम होता, जखम नसलेली गाठ वाईट. आणि आक्काच्या हाताला जखम नाही असा दिवस त्या घरात उगवतच नव्हता.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. आक्का लाडू द्यायला उठली. डबा वरच्या फळीवर होता. तिनं दोन्ही हात वर केले, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना.

"काय झालं हो आक्का?"

"काय न्हाई गं. अवधान हाय. बाळू बघतोय."

"कधीपासून?"

"गणपतीपासनं."

सरांचे तास ऐकून ऐकून मलाही एवढं समजत होतं, की गणपतीत आलेलं अवधान संक्रांतीपर्यंत बसत नाही. मी म्हटलं, मला दाखवा. ती नाही म्हणाली, मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. काखेतली गाठ सुपारीएवढी, टणक, जागची न हलणारी. पण आक्कानं पदर तेवढ्यावर थांबवला नाही. कुणीतरी बाई विचारेल याची जणू ती वाट बघत होती. डाव्या स्तनातही गाठ होती आणि तिच्यावरचं कातडं आत ओढलं गेलं होतं.

"ही तर आदीपासनंच हाय," ती म्हणाली. "काखंतली मागनं आली. काखंतली तेवढी सांगितली त्येला."

"आणि ही का नाही सांगितलीत?"

"कसं सांगू गं बाई? अंगाखांद्यावर वाढिवलाय त्येला म्या. त्येच्याम्होरं ह्ये कसं काढू तोंडातनं?" आणि पदर सारखा करून तिनं मला आग्रहानं दोन लाडू दिले.

बाहेर सर कट्ट्यावर उभे होते. मी शक्य तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, "मी बोट बघत हुतो, बाई."

निपाणीची माणसं दुखणं निघालं की सवयीनं कोल्हापूरची बस धरतात. पण आक्काचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, आणि माझं घर बेळगावात, म्हणून तिला बेळगावच्या एका दवाखान्यात आणलं. मी सोबत होते. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, धारवाडकडची असावी. आक्काला तपासताना तिनं सवयीनं कन्नडमध्येच विचारलं, "नोवु ऐतेनरी, अव्वा?" दुखतंय का?

"इल्लरी," आक्का चटकन म्हणाली. नाही.

पडद्याच्या अलीकडं सर उभे होते. बिडीच्या धंद्यापायी आक्काला कन्नड येत होतं आणि सरांना ते कळत होतं. न दुखणारी गाठ. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

नंतर डॉक्टरनं एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. हसू येईल इतकं ते सरांच्या फळ्यासारखं होतं. काखेत चौकोन, हातावरून येणारी रेघ. मग तिनं दुसरी रेघ काढली, छातीवरून काखेत जाणारी. "स्तनातला रस इकडंच येतो," ती म्हणाली. "हाताचा आणि छातीचा नाका एकच. आजार इथून निघाला आणि काखेत अडकला. आता तिथंही वाढतोय." बाईंना हाताला काही झालेलं दिसतंय, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, असंही तिनं सांगितलं.

"ह्यो रस्ता मला ठावं हुता, मॅडम," सर म्हणाले. "मी काढत न्हवतो."

डॉक्टरला काय समजणार? तिनं मान हलवली आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर ते माझ्याशी बोलले, की स्वतःशी, कोण जाणे. "नवीन नवीन लागलो तवा काढलंतं एकदा. पोरं हसली. पोरी खाली मान घालून बसल्या. मग काढायचं सोडलं. म्हटलं, परीक्षेत काय येत न्हाई. न काढता न काढता, बाई, माझ्या डोक्यातनंच त्यो रस्ता पुसला." हातातला रुमाल ते घडी घालत होते आणि उलगडत होते.

आक्काचं ऑपरेशन झालं. स्तन गेला, काखेतल्या गाठीही काढल्या. औषधांनी केस गेले, ते "बरं झालं, तेल वाचलं" म्हणून तिनं हसण्यावारी नेले. पण काही महिन्यांनी डावा हात सुजायला लागला. रसाची वाटच काढून टाकल्यावर तो साचणार नाही तर काय होणार? हात जड, कातडं ताणलेलं, बांगडी कापून काढावी लागली. डॉक्टरनं बजावलं, या हाताला साधी सुईसुद्धा टोचू द्यायची नाही. म्हणजे कात्री बंद, पान बंद, सूप बंद. सरांनी सूप माळ्यावर टाकलं. सर शाळेत गेले की आक्का शेजारणीकडून ते उतरवून घ्यायची आणि उजव्या हातानं नुसतीच पानं पुसत बसायची. सरांना ते माहीत होतं. घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच मोपेडचा हॉर्न उगाचच वाजवायचे, तिला सूप लपवायला वेळ मिळावा म्हणून.

पुढच्या वर्षी गाठींचा तास आला. मी बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. सरांनी माणूस काढला, नाके काढले, रस्ते काढले. मग माणसाशेजारी एक बाई काढली. अंबाडा आणि पदर, आणि छातीवरून काखेत जाणारी ठळक रेघ. वर्गात खसखस पिकली. सर एरवी खडू फेकून मारायचे. त्या दिवशी ते हात मागं बांधून उभे राहिले. हसू संपेपर्यंत थांबले. पुन्हा फुटलं, पुन्हा थांबले.

"झालं हसून? आता लिवून घ्या," ते म्हणाले. "काखंत गाठ आली, आन् हाताला जखम बी सापडली, तरी थांबायचं न्हाई. जखम भरली आन् दोन आठवड्यांत गाठ उतरली न्हाई, तर दवाखाना. आणि घरी जाऊन आईला इचारायचं, बहिणीला इचारायचं, छातीत काय लागतंय काय. लाज वाटली तर म्हणायचं, मगदूम सरांनी गृहपाठ दिलाय."

दुसऱ्याच दिवशी दोन पालक तक्रार घेऊन आले. पोरापोरींच्या वर्गात काय चित्रं काढताय, शोभतं का, वगैरे. हेडमास्तर बिचारे मधल्यामध्ये. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलंच माझं," ते म्हणाले. पालक खूश झाले. "हे वीस वर्सं आदी काढाय पायजे हुतं." आणि ते पुढच्या वर्गावर गेले, तिथंही तेच चित्र काढायला.

त्या गृहपाठामुळं एका मुलीची आई माझ्याकडं येऊन कुजबुजली, तिला मी वेळेत दवाखान्यात धाडलं आणि तिचं निभावलं. मी धावत जाऊन सरांना ते सांगितलं. मला वाटलं, त्यांना जरा तरी हलकं वाटेल. "बरं झालं," ते म्हणाले आणि वह्या तपासू लागले. मला माझ्याच उत्साहाची लाज वाटली. दुसऱ्याच्या घरातलं वाचलेलं माणूस काही आपल्या घरात येऊन बसत नाही.

मग माझी बदली बेळगावजवळ मच्छेला झाली. फोन व्हायचे, तेही कमी झाले. आक्काचं दुखणं पुन्हा उलटलं, छातीवरच्या जुन्या व्रणाशी फुटलं, असं कळलं तेव्हा एका रविवारी दुपारी मी निपाणीला गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का गेली. सर निवृत्त झाले. त्यांना मी पुढं एकदोनदा लग्नाकार्यात पाहिलं, बरे दिसत होते, बोललेही. पण माझ्या डोळ्यांपुढं येतात ते त्या रविवारचे सर.

बाहेरचं दार उघडंच होतं. आतल्या खोलीचं लोटलेलं, पण पुरतं लागलेलं नव्हतं. आक्का उताणी, तोंड भिंतीकडं वळवलेलं, डोळ्यांवर पदर. सर गुडघ्यावर बसून तिच्या छातीवरची जखम धूत होते. ज्या बहिणीच्या समोर "छाती" हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नसेल, तिची जखम ते कापसानं टिपत होते. नर्स ठेवली होती, पण आक्का तिला हात लावू देत नव्हती, असं शेजारीण मला नंतर म्हणाली. मी दाराशीच थबकले. आत जावं तर त्यांचं एवढं झाकलेलं उघडं पडणार, म्हणून पाऊल मागं घेतलं, तेवढ्यात आक्काचा आवाज आला.

"बाळू."

"अं?"

"तवाच सांगितलं आस्तं म्या, तर तू बगितलं आस्तंस व्हय रं?"

सरांनी कापूस खाली ठेवला. नवी पट्टी हातात घेतली, तिची घडी उलगडली आणि तशीच धरून बसले.

"न्हाई गं, आक्का," ते म्हणाले. "न्हाई बगितलं आस्तं."

डोळ्यांवरचा पदर न काढता आक्का म्हणाली, "मग दोघांचं बी सारकंच की रं. बांध आता. सैल बांध."